तो हरवला नव्हता

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



दर महिन्याला आपण या पत्रिकेत सत्संगाचं वृत्त देतो आणि चिंतनासाठी एखादा विषय घेतो. या वेळी दोन्ही एकच आहे. उत्तरायणानंतरच्या रविवारी बालसंस्कार वर्गाच्या मुलांना घेऊन आम्ही कमाटीबागेत गेलो होतो. त्या दिवसाची चर्चा ग्रुपवर झाली, ग्रुपबाहेर त्याहून जास्त झाली. "मूल नदीपर्यंत गेलं होतं म्हणे", "पोलिसांना बोलवावं लागलं म्हणे", असंही काही जणांच्या कानावर आलं आहे. तसं काही झालेलं नाही. पण जे झालं तेही लहान नाही. म्हणून त्या मुलाच्या आईवडिलांना विचारून, जसं घडलं तसं लिहितो आहोत. चूक आमची होती, हे आधीच सांगून टाकतो.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी बागेविषयी थोडं सांगायला हवं. कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण दांडिया बाजारात कुणालाही विचारा, तो कमाटीबागच म्हणेल. विश्वामित्री नदीच्या काठी सुमारे ११३ एकरांवर पसरलेली ही बाग १८७९ साली झाली. सयाजीराव महाराज तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. नाशिककडच्या कौळाण्याहून बाराव्या वर्षी दत्तक आलेला तो मुलगा. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना मिळाले ते पुढे १८८१ च्या अखेरीस. बागेत प्राणिसंग्रहालय आहे, तारांगण आहे, फुलापानांचं घड्याळ आहे, त्याचं यंत्र जमिनीखाली लपलेलं आहे. म्युझियमची इमारत १८९४ ची. तिथे इजिप्तची ममी आहे, आणि १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा आहे. पिल्लू म्हणायचं, पण लांबी सत्तर फुटांच्या आसपास! एवढ्या मोठ्या बागेत लहान मुलांना नेणं म्हणजे एका सकाळी सगळं गाव दाखवण्यासारखं आहे. आणि आम्ही नेमकं तेच करायला निघालो होतो.

मुलं १९, वयं चार ते नऊ. आम्ही मोठी माणसं सहा. आमच्यातल्या एकांनी आदल्या रात्री कागदावर वेळापत्रक लिहून ठेवलं होतं. पावणेनऊला फुलांचं घड्याळ, सव्वानऊला बँडस्टँड, साडेनऊला पुलावरून प्राणिसंग्रहालय, साडेदहाला म्युझियम, मग डबे. मुलांच्या जोड्या लावल्या, हातात हात दिले. काळ्या घोड्याच्या बाजूने आत शिरलो. झाडांवर कापलेले पतंग अजून लटकत होते, मांजाचे तुकडे लोंबत होते. त्यामुळे सगळ्या मुलांच्या माना वर, आणि आमची नजर घड्याळावर. "चला चला, मागे राहू नका" हे वाक्य त्या सकाळी आम्ही किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशोब नाही.

घड्याळापाशी मोजली, १९. बँडस्टँडपाशी मोजली, १९. पुलापाशी मोजली, १८.

परत मोजली. १८. मग ज्यांनी मोजली ते चुकले असतील म्हणून दुसऱ्यांनी मोजली. १८. आता एक गोष्ट कबूल करायची आहे, ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. एक मूल कमी आहे हे कळलं, पण *कोण* कमी आहे हे कळायला आम्हाला आणखी दोन मिनिटं लागली. नावं पुकारत गेलो तेव्हा लक्षात आलं की छोटू नाही. (घरात सगळे त्याला छोटूच म्हणतात, आपणही इथे तेच म्हणू.) वय पाच. त्याच्या जोडीदाराने दुसऱ्याच मुलाचा हात धरला होता आणि तोही खुशाल होता.

दोघी मुलांपाशी थांबल्या, चौघे चार दिशांना पळाले. दारावरच्या पहारेकरी काकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "गभराशो नहीं, अहीं ज हशे, मळी जशे." त्यांच्या त्या एका वाक्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण जीव थाऱ्यावर नव्हता. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात शाळेत न जाणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पावसाळ्यात पाणी चढलं की त्या वस्तीत येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आमच्यातल्या एकांनी पुलाच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. ते काय शोधत होते हे त्यांनी नंतर बोलून दाखवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

फोनमधल्या वेळा जुळवून पाहिल्या तर शोधाशोध एकूण बावीस मिनिटं चालली. त्यातली पंधरा तरी वाचली असती. कारण पुलापाशी बसवून ठेवलेल्या मुलांमध्ये चिमी होती, वय सहा. ती म्हणत होती, "काकू, तो पारंब्या बघतोय." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिला सांगितलं, "बाळा, आत्ता नको." दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा, "गप्प बस म्हटलं ना." तिसऱ्यांदा ती म्हणालीच नाही. रडायला लागली. तेव्हा कुठे एका मावशींनी खाली बसून तिला विचारलं, "कुठल्या पारंब्या गं?"

बँडस्टँडहून पुलाकडे येताना वाटेत एक वड होता. आम्ही सगळे त्याच्या खालून गेलो होतो. छोटू तिथे उकिडवा बसला होता. समोर एक पारंबी लोंबत होती, जमिनीपासून वीतभर वर. त्याने आपल्या बाटलीतलं सगळं पाणी तिच्याखालच्या मातीत ओतलं होतं आणि तो वाट बघत होता. आम्हाला पाहून तो घाबरला नाही की पळाला नाही. त्याने विचारलं, "काका, हे झाड वरून खाली येतं का?"

या प्रश्नाला त्याला काय मिळालं? एकीने त्याला घट्ट पोटाशी धरलं. एकांनी दंड धरून हलवलं आणि म्हटलं, "परत असा थांबलास ना, तर मगर घेऊन जाईल!" त्या सकाळी छोटू पहिल्यांदा रडला तो तेव्हा.

मग वेळापत्रक पुढे चालू झालं. प्राणिसंग्रहालय घाईत उरकलं, देवमासा राहिलाच. हिरवळीवर डबे उघडले, दशम्या, लोणचं, लीलो चेवडो. जेवणापूर्वी नेहमीप्रमाणे पंधरावा अध्याय म्हटला.

परतीच्या बसमध्ये एक लहानशी मसलत झाली. छोटूच्या आईला सांगायचं का? मूल तर सुखरूप आहे. ती नोकरी करते, आधीच दमलेली असते, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? कुणी विरोध केला नाही. संध्याकाळी तिच्या हाती मूल देताना आम्ही म्हटलं, "खूप मजा केली हो त्याने." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

रात्री पावणेदहाला तिचा फोन आला. छोटूने झोपताना सगळं सांगितलं होतं. ती चिडली नाही, त्यामुळे तर जास्त लागलं. म्हणाली, "काकू, एवढ्या मोठ्या बागेत मूल नजरेआड होऊ शकतं, ते मला समजतं. माझ्याकडूनही बाजारात एकदा झालंय. पण संध्याकाळी मी दारात उभी होते, तेव्हा का नाही सांगितलंत?" आणि मग म्हणाली, "तो तर म्हणतो, मी हरवलोच नव्हतो. मी झाडापाशीच होतो. हे सगळेच निघून गेले."

तेव्हापासून हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही.

*कोण हरवलं होतं?*

बुधवारी सत्संगानंतर आम्ही सगळे बसलो. मतं पुष्कळ पडली. एक मत असं, की सहली बंद करा, डोक्याला ताप नको. दुसरं, की मुलांना एका दोरीला धरून चालायला लावावं, बालवाडीत करतात तसं. तिसरं, की ज्याने त्याने आपल्या मुलाबरोबर यावं. एक ज्येष्ठ म्हणाले, "मुलगा हट्टी आहे, त्याला शिस्त हवी." प्रत्येक मतात काहीतरी खरं होतं. शिस्त हवीच. नदी खरी आहे, मगरी खऱ्या आहेत, बाहेरचा रस्ताही खरा आहे. पाच वर्षांच्या मुलाला मनाला येईल तिथे थांबायची मोकळीक देऊन चालत नाही. त्याला सांगायलाच हवं की थांबायचं असेल तर मोठ्याने हाक मार. हे आम्ही त्याला सांगितलंही.

पण चर्चा लांबत गेली तसं लक्षात आलं, की या सगळ्या उपायांत मूलच पकडून ठेवायचं होतं. आम्ही काय करायचं, हे कुणी बोलत नव्हतं.

आपण मुलांना सांभाळतो म्हणजे नक्की काय करतो? त्या दिवशी आम्ही त्यांना दर अर्ध्या तासाने मोजत होतो. मोजणं वाईट नाही. मोजलं नसतं तर म्युझियमपर्यंत पत्ता लागला नसता. पण मोजणीने आम्हाला एवढंच सांगितलं, की एक कमी आहे. कोण कमी आहे हे तिला सांगता आलं नाही, आणि कुठे आहे हे तर अजिबातच नाही. ते फक्त चिमीला माहीत होतं. ती काही फार हुशार किंवा जबाबदार म्हणून नव्हे. मघाशी वाटेत तो ज्याच्याकडे बघत होता त्याच्याकडे तिनेही मान वळवून बघितलं होतं, इतकंच. सहा मोठ्या माणसांपैकी एकानेही ते केलं नव्हतं.

हे आपल्याला नवं नाही. आपण रोज माळ ओढतो. एकशेआठ मणी पूर्ण होतात, बोट मेरुमण्यापाशी येतं आणि लक्षात येतं की मधले साठसत्तर मणी कधी गेले कळलंच नाही. मन तोवर गॅसवर ठेवलेल्या दुधात होतं, नाहीतर मुलाच्या फीमध्ये. म्हणून कुणी माळ टाकून देत नाही. संख्या पूर्ण झाली म्हणजे जप झाला, असंही कुणी मनापासून मानत नाही. मग मुलांच्या बाबतीत तेच का मानतो? मूल शाळेत पोचलं, क्लासला पोचलं, जेवलं, झोपलं, की आपला दिवसाचा हिशोब जुळला. त्या दिवसात ते कशापाशी थांबलं होतं, हे विचारायला हिशोबात रकानाच नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि एका भगिनींनी म्हटलंही, "एकोणीस मुलं होती. प्रत्येकाची नजर कुठे वळते ते कोण बघत बसणार? बोलायला सोपं आहे." अगदी बरोबर आहे. सहा माणसांना एकोणीस मुलांकडे तसं बघणं शक्यच नाही. पण मग याचा सरळ अर्थ असा, की एकोणीस मुलं नेणं हीच चूक होती. आम्ही एवढी का नेली? खरं सांगायचं तर पत्रिकेत आकडा चांगला दिसतो म्हणून. मागच्या वर्षी अकरा होती. आणि सकाळभरात पाच ठिकाणं का ठेवली? घरी गेल्यावर "काय काय पाहिलं?" या प्रश्नाला लांबलचक उत्तर मिळावं म्हणून. मुलांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं. सेवेच्या नावाखाली आम्ही आमचीच कामगिरी सजवत होतो, हे लिहिताना संकोच वाटतो, पण तसंच होतं.

*मगरीविषयी*

मुलाला भीती दाखवावी की नाही, यावरही बरंच बोलणं झालं. "आम्हालाही आईने बागुलबुवा दाखवला होता, काही वाईट झालं नाही," असं बरेच जण म्हणाले. आमचं म्हणणं एवढंच. बडोद्यातली मगर हा बागुलबुवा नाही. ती खरोखर नदीत आहे. ती थांबलेल्या मुलांना शिक्षा करायला येत नाही, पण काठाशी गेलेल्या माणसाला धरू शकते. छोटू आठ वर्षांचा झाला की त्याला कळेल, झाडापाशी थांबलं म्हणून मगर येत नाही. त्या दिवशी तो आमचं मगरीबद्दलचं सगळंच बोलणं थाप समजेल, "काठाशी जाऊ नकोस" हेसुद्धा. एक खरा धोका आम्ही खोट्या धाकापायी वाया घालवला.

आणि नीट पाहिलं तर तो धाक आणि आईशी बोललेलं ते अर्धं वाक्य, दोन्ही एकाच जातीची आहेत. मुलाला धाक घातला तो आमची घाबरगुंडी बाहेर पडावी म्हणून. आईपासून लपवलं ते आमची लाज झाकावी म्हणून. दोन्ही वेळी तोंडाने आम्ही त्यांचीच काळजी करत होतो. काळजीचा शब्द इतका सोयीचा असतो, की तो कुणासाठी वापरतोय हे आपलं आपल्यालाच कळत नाही.

*त्याच्या प्रश्नाचं उत्तर*

छोटूचा प्रश्न तसाच राहिला होता. आठवड्याने आमच्यातल्या एकांनी तो शोधून काढला, म्हणजे चक्क पुस्तक उघडून वाचलं. वडाचं फळ पक्षी खातात, बी विष्ठेतून पडतं. कितीदा ते दुसऱ्याच एखाद्या झाडाच्या खाचेत, नाहीतर जुन्या भिंतीच्या फटीत पडतं आणि तिथे वरच रुजतं. मग ते रोप मुळं खाली सोडतं, मातीला टेकेपर्यंत. पुढे मोठं झाल्यावर फांद्यांना पारंब्या फुटतात. जमिनीला पोचलेली पारंबी जाड होत जाते, खांबासारखी होते आणि जी फांदी तिने धरली आहे तिचा भार पेलते. म्हणजे उत्तर हो आहे. हे झाड पुष्कळदा वरून खाली येतं. पाच वर्षांच्या मुलाने नुसतं बघून बरोबर प्रश्न विचारला होता.

हे वाचल्यावर एकदम लक्षात आलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्या दिवशी हिरवळीवर डबे उघडण्यापूर्वी आम्ही पंधरावा अध्याय म्हटला होता. त्याच्या आरंभीच वर मूळ आणि खाली फांद्या असलेल्या अश्वत्थाचं वर्णन आहे. अश्वत्थ म्हणजे पिंपळ, आणि तो वड होता, हे खरं. शिवाय गीतेतलं झाड संसाराचं आहे, तो अर्थ वेगळा, हेही खरं. पण वर्षानुवर्षं रोज जेवणापूर्वी आपण हे म्हणतो. ज्या गावाचं जुनं नाव वटपद्रक, वडावरूनच आलेलं, त्या गावात राहतो. आणि आपल्यातल्या एकालाही कधी झाडाखाली थांबून वर बघावंसं वाटलं नाही, की हे मूळ येतं तरी कुठून. ज्याला वाटलं, त्याला आम्ही मगर दाखवली.

हा सगळा वृत्तांत आम्ही सद्गुरूंच्या कानावर घातला. वाटलं होतं, काही उपदेश मिळेल, नाहीतर रागावणं तरी. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या मुलीला शाबासकी दिलीत का?"

नव्हती दिली. दोनदा गप्प बसवलं होतं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन आलो. तिला काय झालं होतं ते नीट आठवतही नव्हतं. तिने आम्हाला तिचे पतंग दाखवले. आम्ही ते सगळे पाहिले.

*पुन्हा बागेत*

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही परत गेलो. या वेळी सहा मुलं, तीन मोठी माणसं, आणि छोटूची आई. कागद नव्हता. दोन तासांत आम्ही फार तर दीडशे पावलं चाललो असू. एक खार, मुंग्यांची एक रांग, माळीकाकांची पाण्याची नळी आणि वाळलेल्या शेंगांचा खुळखुळा, एवढंच पाहून झालं. आम्हाला मोठ्यांना पहिला अर्धा तास फार जड गेला. हात सारखा फोनकडे जात होता. लहान मुलाच्या चालीने चालणं हे तासभर आसनावर बसण्यापेक्षा अवघड आहे, असं एका काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

वडापाशी पोचल्यावर आम्ही मोठ्या अपेक्षेने छोटूकडे पाहिलं. आता तो काय म्हणतो? तो म्हणाला, "देवमासा कधी बघायचा?" पारंबीत त्याला आता काही रस उरला नव्हता. कुठली पारंबी होती ती, असं विचारलं तर त्याने एक दाखवली, चिमीने दुसरी दाखवली आणि दोघांचं भांडण झालं. आम्हाला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मग देवमासा बघायला गेलो, आणि त्या दिवशी तोच सगळ्यात मोठा विषय ठरला. हेही आमच्यासाठी बरंच झालं. मूल कुठे थांबणार हे आपण ठरवून ठेवायला लागलो, की तेही एक वेळापत्रकच होतं.

पुढच्यासाठी मंडळाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एका मोठ्या माणसामागे दोनच मुलं, मग सहलीचा आकडा कितीही लहान दिसो. मूल काही सांगत असेल तर कितीही घाई असली तरी आधी ते ऐकायचं. आणि काही बरंवाईट घडलं तर ते मुलाच्या आईवडिलांना त्याच दारात, त्याच वेळी सांगायचं.

मोजणं मात्र चालूच राहील. आपल्या घरी, आपल्या गावी, इंदूरला, बेळगावला, हैदराबादला, जिथे असाल तिथे या आठवड्यात एकदा एखाद्या लहान मुलाला जवळच्या बागेत घेऊन जा. त्याला पुढे चालू द्या. ते कुठे थांबतं ते बघा, आणि आम्हाला कळवा.

जय गुरुदेव.